आम्ही रविवारी सकाळी बसतो

रविवारी पावणेअकराला सासूबाई कडीचा डबा कोरडा पुसून माझ्या हातात देतात. “पांढरा रस्सा आण. आणि झाकण नीट दाब, मागल्या खेपेला निम्मा पिशवीत सांडला होता.” मग मी डबा स्कूटीच्या हुकाला अडकवते आणि बारमध्ये जाते.

वाक्य लिहायला सोपं आहे, पण घर इथपर्यंत यायला दोन वर्षं गेली. आधी मी “ग्रुपची मीटिंग आहे” म्हणायची. मग सासूबाईंच्या भिशीतल्या एका काकूंनी मला त्या दारातून बाहेर पडताना बघितलं. दुपारचे दोन, हातात हेल्मेट, तोंडात बडीशेप. संध्याकाळी घरात चौकशी बसली. मी खरं ते सांगून टाकलं, “आई, आहे बारच. पण मी तिथं मटणाचं अळणी आणि भात खाते.” त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “अळणी चांगलं मिळतंय तर आधी सांगायचं न्हाईस का?” पुढच्या रविवारी डबा आला.

आता ‘बसणे’ या शब्दाविषयी. “संध्याकाळी बसायचं का?” असं कुणी आवाज खाली करून विचारलं, तर महाराष्ट्रात कुठंही त्याचा एकच अर्थ होतो. आमचा ग्रुप सकाळी अकराला बसतो आणि सहाजणांत पिणारे दोनच. बाकीचे चौघे नुसते बसतात. तीन तास. कोल्हापुरात हे दुसरीकडं कुठं करून दाखवा. मिसळीच्या दुकानात रविवारी पुढचं गिऱ्हाईक तुमच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभं असतं. दुसऱ्यांदा कट मागितला की त्याचा सुस्कारा मानेवर येतो. खानावळीत हात धुऊन येईपर्यंत टेबलावर फडकं फिरलेलं असतं. रंकाळ्यावर बसावं तर दर पाच मिनिटाला एक ओळखीचं “काय, इकडं कुठं?” करत जातं. कुणाच्या घरी बसावं तर त्या घरच्या बाईचा रविवार गेला. माणसाला उठवत नाहीत अशी गावात एकच जागा, ती म्हणजे बार.

शाहूपुरीतल्या एका गल्लीच्या तोंडाला आहे आमचा. नाव लिहीत नाही. मालकांना विचारलेलं नाही, आणि उद्या तुम्ही सगळे आलात तर आम्हाला भिंतीकडचं टेबल मिळायचं नाही. पाटीवर ‘बिअर बार, परमिट रूम व फॅमिली रेस्टॉरंट’ असं एका दमात लिहिलंय. त्यातली फॅमिली वर, जिना चढून, पडद्यांच्या खणांत. बाईमाणूस दिसलं की नवा पोऱ्या अजूनही बोटानं जिना दाखवतो. पण सकाळी वरचा मजला झाडलेला नसतो, म्हणून आम्ही खाली बसायला लागलो आणि मग खालीच राहिलो.

अकराला गेलं की निम्म्या खुर्च्या टेबलांवर उलट्या असतात. आधी फिनेलचा वास येतो आणि त्याच्या मागून, आतून, भाजलेल्या खोबऱ्याचा. गल्ल्यावर अंबाबाई, जोतिबा आणि शाहू महाराज, तिघांपुढं मिळून एक उदबत्ती. पहिली भवानी बहुतेक आमचीच असते, त्यामुळं आमची पहिली नोट मालक कपाळाला लावतात. त्यांचा एक नियम आहे: साडेअकराच्या आत बाटलीला हात नाही. कुणी कितीही ओळखीचं असू दे. “देवाची वेळ हाय,” एवढंच म्हणतात.

गेल्या रविवारी माझी भाची पुण्याहून आली होती. वय 23, आयटीत आहे, रविवारी तिकडं मैत्रिणींबरोबर ‘ब्रंच’ला जाते. “मावशी, तुमच्याकडं ब्रंच कुठं मिळतं?” म्हटलं चल, दाखवते.

ती बसली आणि तिनं मामांना विचारलं, “ब्रंचला काय आहे?” मामा निपाणीकडचे, पंचवीस वर्षं इथंच वाढप करतात. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, “ताई, नाष्टा संपला. जेवण अजून लागलं न्हाई.”

ब्रंचची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही. सर तर एवढे खूश झाले की त्यांनी चष्मा पुसला. सर म्हणजे आमच्यातले एकजण, हायस्कूलला इंग्रजी शिकवतात आणि कुणी विचारलेलं नसताना शब्दांचे जन्मदाखले काढून देतात. ब्रंच हा शब्द छापून आला 1895 साली. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रजानं ‘हंटर्स वीकली’त लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं, रविवारी चर्चमधून आल्या आल्या ते जड मांसाचं जेवण कशाला? उशिरा उठावं, बाराच्या सुमाराला चहा-मुरंब्यापासून सुरुवात करावी आणि हळूहळू जेवणाकडं सरकावं. म्हणजे शनिवारी रात्री जागलेल्यांचे हाल होत नाहीत.

“म्हंजे इंग्रजांची गटारी दर शनिवारी,” पैलवान म्हणाला.

पैलवान तालमीत एकूण दोन महिने गेलाय, नववीत असताना. नाव तेवढ्यावर टिकलं. तो रंगाचं दुकान चालवतो. बाकी वकील, बँकेतली सायबीण, जनावरांची डॉक्टर आणि मी. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचा हिशेब बघते. सायबीण नेहमीप्रमाणे वीस मिनिटं उशिरा आली, दारातूनच ओरडत, “आलो, आलो! लेकाला क्लासला सोडून यायलोय!” भाची माझ्याकडं बघायला लागली. चाळिशीची बाई, अंगावर इरकल, आणि “आलो”? तिला सांगितलं की कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात, मीही लग्नाआधी असंच बोलायची. सासर साताऱ्याचं, तिथं दोन-चारदा लोक हसले आणि मी “आले” म्हणायला शिकले. डॉक्टर म्हणाली, “तू बदललीस. आम्ही न्हाई बदललो.” तिच्या बोलण्यात जरा टोचणी होती. अजून आहे.

तर नाष्टा संपलेला आणि जेवण लागलेलं नाही, या वेळेला या हॉटेलात एकच गोष्ट तयार असते, आणि ती मेनूकार्डावर नाही. अळणी. सकाळी मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजायला टाकतात; अकरापर्यंत ते मऊ पडतं आणि त्याचं पाणी वर येतं. पुढं याच पाण्याचे दोन रस्से होतात. निम्म्यात भाजलेलं कांदा-खोबरं आणि कांदा-लसणाची चटणी पडली की तांबडा. निम्म्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि शेवटी नारळाचं दूध पडलं की पांढरा. अकरा ते साडेअकरा एवढा अर्धा तास ते नुसतं पाणी असतं, पिवळसर, वर चरबीचे बारीक डोळे. घरात ते लहान पोरांना, बाळंतिणीला आणि तापातनं उठलेल्याला देतात. नाव अळणी असलं तरी मीठ असतं बरं का त्यात. तिखट नसतं. आमच्याकडं तिखट नसलं की मीठसुद्धा कुणी धरत नाही.

मामांनी भाचीपुढं वाटी ठेवली, वर गरम भाताचा एक चमचा टाकला आणि लिंबू पिळलं. ती आधी वास घेत बसली. मग दोन्ही हातांनी वाटी उचलून तोंडाला लावली. चमचा तसाच कोरडा. मामांनी काही न विचारता दुसरी वाटी आणली.

मला तिथला पांढरा करताना बघायलाही आवडतो. स्वयंपाकघराचं दार अर्धंच आहे, उभं राहिलं की आतलं दिसतं. नारळाचं दूध पडलं की आचारी आच एकदम बारीक करतो आणि पळी एकाच दिशेनं फिरवत राहतो. तेवढ्या वेळात त्याला हाक मारायची नाही. मालकांनीसुद्धा नाही. खळाखळा उकळी आली की दूध फुटलं आणि पातेलं गेलं. एकदा त्याचा मोबाइल खिशात वाजत होता, वाजून वाजून बंद पडला, परत वाजला. गड्यानं मान वर केली नाही. पांढरा उतरवला, हात पुसले, मग फोन घेतला. बायकोचा होता. काय बोलणी बसली असतील ती बसली असतील, रस्सा मात्र रेशमासारखा होता.

बाराच्या सुमाराला वकिलानं आणि सायबिणीनं मिळून एक बिअर मागवली. भाचीनं कार्ड बघून जिनचं काहीतरी कॉकटेल सांगितलं. मामा घुटमळले. वकिलाला असली संधी वर्षातून एकदाच मिळते. त्यानं सांगायला सुरुवात केली की बाई, आपल्या राज्यात कागदावर अजून दारूबंदीच आहे. 1949 चा कायदा. प्यायची ती परवान्यावर. परमिट रूममधलं परमिट ते हेच, लोकांना वाटतं आत यायची परवानगी. आणि बिअरला 21 वर्षं पुरी लागतात, जिनला 25. “तू दोन वर्षांनी ये.”

“पुण्यात कुणी विचारत नाही,” भाची म्हणाली.

“पुण्यात बरंच काय काय विचारत न्हाईत,” पैलवान.

वर वकिलानं तिला दिलासा दिला की कॉकटेलच पाहिजे असेल तर संध्याकाळी आइस्क्रीमवाल्याकडं नेतो. तिला तो विनोद वाटला. पण आमच्या पिढीच्या कोल्हापूरकराला कॉकटेल म्हटलं की उंच ग्लासातलं आइस्क्रीम आणि फळांचे तुकडेच आठवतात. मी बारावीपर्यंत सिनेमातली माणसं पार्टीत आइस्क्रीम खातात असंच समजत होते. शेवटी तिनं लिंबू-सोडा घेतला, मसाला मारून.

साडेबारानंतर जागा भरायला लागते. गुळाच्या अडतीवरचे दोघे-तिघे येतात, कोपऱ्यात बसतात आणि दराबद्दल कुजबुजतात. वर फॅमिलीत कुणाचं तरी बाळ रडत असतं. टीव्हीवर क्रिकेट असतं, पण सध्या तिकडं कुणी बघत नाही, कारण फुटबॉलचा हंगाम चालू आहे. त्या दिवशी शाहू स्टेडियमवर चारची मॅच होती. आठ-दहा पोरं गळ्यात झेंडे गुंडाळून जेवायला आली आणि आवाज एकदम दुप्पट झाला. भाचीला कळेना, हे तालमीचं नाव घेऊन फुटबॉलबद्दल का भांडतायत. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही. पेठेची तालीम फुटबॉलचा संघ चालवते, आणि कुठल्या पेठेत जन्मलात त्यावर कुठला संघ तुमचा हे ठरतं. मतबित विचारत नाहीत. पैलवानाचं आजोळ मंगळवार पेठेत, म्हणून तो पाटाकडील तालमीचा. वकील शिवाजी पेठेतला, तो शिवाजी तरुण मंडळ. हंगामात दोघांना शेजारी बसवत नाही. मधे सर असतात, ते कुठल्याच पेठेचे नाहीत, बिचारे गडहिंग्लजचे. तसं गडहिंग्लजलाही फुटबॉलचं वेड कमी नाही, पण हे ते त्या टेबलावर बोलत नाहीत.

एक कबुली देते. मध्यंतरी सायबिणीला बढती मिळाली तेव्हा आम्ही एका मोठ्या हॉटेलात खरंखुरं ब्रंच केलं होतं. माणशी 899 रुपये, टॅक्स वेगळा. कापलेली फळं, चार प्रकारचे पाव, एकजण समोर उभा राहून ऑम्लेट करून देतोय. ऑम्लेट चांगलं होतं. पण नव्वद मिनिटं झाली आणि एक पोरगी हसत हसत येऊन म्हणाली, “सर, मॅम, पुढचं बुकिंग आहे.” तेव्हा डॉक्टर एका गाईच्या अडलेल्या बाळंतपणाची गोष्ट सांगत होती, कोपरापर्यंत हात आत आणि मालक कंदील धरून उभा. ती गोष्ट लिफ्टमध्ये संपवावी लागली. लिफ्टमधल्या अनोळखी नवरा-बायकोचे चेहरे अजून आठवतात.

भाचीनं विचारलं, तुमचं हे सुरू कसं झालं? पैलवानानं मागच्या भिंतीकडं अंगठा केला.

भिंतीवर ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. एकीपुढं 2019, दुसरीपुढं 2021. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं फिरतं आणि शाहूपुरीत शिरतं. हायवे शिरोलीला पाण्याखाली, मला कामावर जायचा प्रश्नच नव्हता. कुंभार गल्लीत गणपती तयार होते, चतुर्थी महिन्यावर आलेली. त्या मूर्तींचं जे झालं ते मी बघितलंय आणि त्याबद्दल लिहिणार नाही.

पाणी उतरल्यावर पैलवानानं आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली: “घरात गुडघाभर गाळ हाय, कोण मोकळं असंल तर या.” ग्रुपात 64 जण. हात जोडलेली चित्रं चाळीस आली. माणसं पाच आली. खराटे, पाट्या आणि सरांनी का कोण जाणे छत्री घेतली होती. ऊन पडलं होतं. वर्गात असताना आम्ही पाच एकमेकांशी धड बोलतही नव्हतो. सायबीण पहिल्या बाकावरची, वकील वर्गाबाहेरचा. सकाळी सहापासून आम्ही गाळ ओढत होतो. रंगाचे डबे फुटून गाळ तीन-चार रंगांचा झाला होता, पैलवान त्यातून एकेक ब्रश वेचून पाण्यात हलवून बाजूला ठेवत होता. कामाला येणार नाहीत हे त्यालाही दिसत होतं.

अकराच्या सुमाराला पलीकडून हे बारमालक आले. त्यांच्याही खालच्या मजल्यात गाळच. वर एक सिलेंडर शिल्लक होता, कुठून तरी दोन किलो मटण मिळालं होतं. मिक्सर पाण्यात गेलेला, वाटण करायला काही नाही. म्हणून नुसतं अळणी आणि भात. म्हणाले, “उपाशी पोटी गाळ ओढू नका. चला, बसा.”

बसायला खुर्ची नव्हती. सगळं फर्निचर रस्त्यावर उन्हात पडलेलं. आम्ही त्यांच्या जिन्यावर बसलो, एका पायरीवर दोघं, हात कोपरापर्यंत काळे, वाटी गुडघ्यावर. मामा खालून वर, वरून खाली वाढत होते. पैसे विचारले तर मालकांनी वकिलाच्या हातावर चापट मारली. पुढच्या रविवारी ते द्यायला म्हणून गेलो. त्यांनी परत घेतले नाहीत, म्हणून काहीतरी मागवलं. मग त्याच्या पुढच्या रविवारी.

करोनात खंड पडला. जुलै 2021 मध्ये पाणी परत आलं आणि दुसरी रेघ पडली. तेव्हा आम्हाला ग्रुपवर काही टाकावं लागलं नाही.

भाची हे सगळं ऐकून थोडा वेळ काही बोलली नाही, मग तिनं सुक्क्यातलं नळीचं हाड उचललं आणि ताटावर आपटायला लागली. नळी निघेना. डॉक्टरनं तिच्या हातातून घेतलं, दुसरं टोक तोंडात धरून जोरात ओढलं आणि मोकळं करून परत दिलं. पुण्यात असं कुणी करून देत असेल असं वाटत नाही, पण त्यावर भांडायला मी मोकळी नाही, तिची आई माझी थोरली बहीण आहे.

बिल 2,380 झालं. सातजणांचं, डबाभर पांढऱ्यासकट. त्यावरून होतं ते भांडण झालं. मालक ते रेडिओसारखं ऐकतात. शेवटी ज्याचा हात गल्ल्यापर्यंत आधी पोचला त्याचे घेतले, म्हणजे पैलवानाचे, कारण त्याला तीनच्या आत स्टेडियमला जागा धरायची होती. वकील त्याच्याच गाडीवर मागं बसून गेला. मॅच संपल्यावर ते एका गाडीवर परतत नाहीत.

निघताना भाचीला फोटो पाहिजे होता. ती भिंतीला पाठ लावून रेघांशेजारी उभी राहिली. एक तिच्या खांद्याला लागली, दुसरी तिच्या दोन बोटं वर. मी मोबाइल धरला, तेवढ्यात मागून मामा आले. दोघं पोरं मिळून माळ्यावरचा कूलर ओढत आणत होती, वर्षभराची धूळ घेऊन.

“ताई, जरा सरकताय काय? तिथं कूलर बसवायचाय.”

तिनं सरकून जागा दिली. मी डबा विसरले होते, तो मामांनी स्कूटीपर्यंत आणून दिला. झाकण त्यांनीच दाबून बघितलं.